नको तिथे व्हायरल रीड्स दिसतात? थ्रेशोल्ड वाढवण्याआधी प्लेटचा नकाशा काढा

कर्करोग आणि विषाणू या विषयावर काम करणाऱ्या गटांना मी डेटाच्या बाजूने मदत करते. यंत्र नमुन्यातलं डीएनए छोट्या छोट्या तुकड्यांत वाचतं, तो एकेक तुकडा म्हणजे रीड. किती रीड्स मिळाले की विषाणू आहे असं म्हणायचं, ती मर्यादा म्हणजे थ्रेशोल्ड. तिथे एक तक्रार थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येते. गेल्या वेळची अशी होती: "तोंडाच्या कर्करोगाचे ४७ नमुने आणि एक पॉझिटिव्ह कंट्रोल (विषाणू नक्की असलेला नमुना), अशा ४८ नमुन्यांचं होल जीनोम सीक्वेन्सिंग (अख्ख्या डीएनएचं वाचन) केलं. या ट्यूमरमध्ये एचपीव्ही (पॅपिलोमाव्हायरस) फारसा अपेक्षित नाही, तरी १४ नमुन्यांत एचपीव्ही १६ आलाय. कुठे २८ रीड्स, कुठे ३४, कुठे ४१. मागच्या रनलाही असंच झालं होतं, तेव्हा थ्रेशोल्ड १० चा २५ केला. आता ५० करू का?"

नका करू. थ्रेशोल्डने रीड्स कुठून आले ते कळत नाही, फक्त ते दिसेनासे होतात. पुढच्या रनला सीक्वेन्सिंग जरा खोल झालं की तेच रीड्स ५० च्या वर येतील आणि आपण १०० बद्दल बोलत बसू. आणि खरं नुकसान दुसऱ्या टोकाला होतं. साधा हिशोब करा. ३० एक्स डेप्थ म्हणजे प्रत्येक बेस (डीएनएचं अक्षर) सरासरी ३० वेळा वाचलेला. ते आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन प्रतींना मिळून ३०, म्हणजे एका प्रतीला १५. एचपीव्ही १६ चा जीनोम सुमारे ७,९०० बेसजोड्यांचा. दर पेशीत विषाणूची एकच प्रत जोडली गेली असेल आणि रीड १५० बेसांचा असेल, तर ७,९०० गुणिले १५ भागिले १५० म्हणजे ७९० रीड्स मिळायला हवेत. नमुन्यात ट्यूमरच्या पेशी दहा टक्केच असतील तर ७९. तीन टक्के असतील तर २४. म्हणजे ५० चा थ्रेशोल्ड लावल्यावर एक खराखुरा पॉझिटिव्ह ट्यूमर तुमच्या तक्त्यात "निगेटिव्ह" म्हणून बसतो, आणि त्याच्याकडे पुन्हा कोणी वळून बघत नाही.

हाच हिशोब कंट्रोलसाठी करा. बहुतेक ठिकाणी पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून कॅस्की पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून वाढवलेल्या) वापरतात, कारण त्या हाताशी असतात आणि कधी फसवत नाहीत. पण कॅस्कीत दर पेशीमागे एचपीव्ही १६ च्या सुमारे ६०० प्रती असतात. ७९० गुणिले ६००, म्हणजे चार लाख सत्तर हजारांच्या आसपास रीड्स. हा आकडा ढोबळ आहे, कॅस्कीचा स्वतःचा जीनोम काही नीट दुहेरी नाही, पण अंदाजाला पुरेसा आहे. त्यातला हजारातला एक रीड जरी भलत्या नमुन्याच्या नावावर गेला, तरी साडेचारशेहून जास्त रीड्स घर सोडून निघाले. १४ नमुन्यांत वाटले तर प्रत्येकी ३४. तक्रारीतला आकडा आठवतोय ना?

आता हे खरंच तसंच झालंय का, ते बघायचं. त्यासाठी कुठलंही नवं सॉफ्टवेअर लागत नाही.

आधी नकाशा

एक कोरा तक्ता घ्या, प्लेटसारखा, म्हणजे नमुने ज्या खळग्यांच्या (वेलच्या) ताटलीत ठेवतात तिच्यासारखा. ओळींना ए, बी, सी, डी आणि स्तंभांना १ ते १२. प्रत्येक चौकटीत त्या वेलमधल्या नमुन्याचे एचपीव्ही १६ चे रीड्स लिहा. कच्चे आकडे लिहा, थ्रेशोल्ड न लावता, शून्यसुद्धा लिहा. कंट्रोलची चौकट रंगवा.

त्या रनमध्ये कंट्रोल बी ओळीत सातव्या स्तंभात होता. तक्ता भरल्यावर बी ओळ डावीकडून उजवीकडे भरलेली, सातवा स्तंभ वरून खाली भरलेला, बाकी जवळपास सगळीकडे शून्य. कागदावर चक्क अधिक चिन्ह उमटलं होतं. त्याच ओळीतले ११ आणि त्याच स्तंभातले ३, असे मिळून बरोबर १४.

हे इंडेक्स हॉपिंगचं चिन्ह आहे. सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या प्रत्येक नमुन्याला, म्हणजे लायब्ररीला, दोन इंडेक्स (ओळख पटवणारे डीएनएचे छोटे तुकडे) असतात. जुन्या पद्धतीत एक इंडेक्स ओळीचा आणि एक स्तंभाचा, आणि दोघांच्या जोडीवरून नमुना ओळखायचा. सगळ्या लायब्ररी एकत्र केल्यावर मोकळे राहिलेले अडॅप्टर (इंडेक्स घेऊन येणारे तुकडे) भलत्या तुकड्याला चिकटतात आणि फ्लो सेलवर (यंत्रातल्या काचपट्टीवर) त्याच्या प्रती निघतात. दोनपैकी एक इंडेक्स बदलला की कॅस्कीचा रीड त्याच ओळीतल्या किंवा त्याच स्तंभातल्या शेजाऱ्याचा होतो. दोन्ही इंडेक्स एकदम बदलणं फार विरळ, म्हणून तिरक्या चौकटी रिकाम्या राहतात. पॅटर्न्ड फ्लो सेलच्या यंत्रांवर हे प्रमाण साधारण ०.१ ते २ टक्के असतं. मानवी जनुकांच्या अभ्यासात एवढ्याने फारसं बिघडत नाही, कारण सगळ्यांकडे तेच जीनोम. विषाणूच्या अभ्यासात एका नमुन्यात चार लाख आणि शेजारच्यात शून्य अशी दरी असते, तिथे हजारातला एकसुद्धा उठून दिसतो.

शिक्कामोर्तब करायचं असेल तर डीमल्टिप्लेक्स केल्यावर, म्हणजे रीड्स इंडेक्सप्रमाणे नमुन्यांत वाटल्यावर, उरणारी अनडिटरमाइन्ड फाइल उघडा. कंट्रोलच्या ओळीत किंवा स्तंभात एखादी वेल रिकामी ठेवली असेल, तर तिच्या इंडेक्सजोडीचे रीड्स कोणाच्याच नावावर जायला नकोत, ते या फाइलमध्ये पडतात. त्यांत एचपीव्ही १६ सापडला तर दुसरा पुरावा नको. ही फाइल मोठी असते आणि जागा कमी पडली की सर्वांत आधी तीच उडवली जाते. कृपा करून उडवू नका. रनचा निकाल लिहून सगळ्यांनी मान्य करेपर्यंत तरी ठेवा.

नकाशावर अधिक चिन्ह नसेल तर काय दिसतंय ते शांतपणे बघा. कंट्रोलला चिकटून असलेल्या आठ चौकटींतच आकडे असतील तर पिपेटिंग करताना थेंब उडालाय किंवा सील काढताना शेजारी सांडलंय. आकडे प्लेटभर विखुरलेले असतील तर तोच नकाशा पुन्हा काढा, पण या वेळी चौकटी डीएनए काढल्याच्या तारखेप्रमाणे रंगवा. मग एक्सट्रॅक्शन किटच्या लॉटप्रमाणे, मग लेनप्रमाणे. कुठल्या तरी एका रंगात आकडे गोळा होतात. आणि ब्लँकमध्येही (नमुना न घातलेल्या नळीतही) रीड्स असतील, शिवाय ज्या नमुन्यांत डीएनए कमी होतं त्यांत ते प्रमाणाने जास्त असतील, तर रसायनात किंवा कॉलममध्ये काहीतरी आहे. हा निव्वळ तर्क नाही. २०१३ साली हेपटायटिसच्या रुग्णांत सापडलेला म्हणून जाहीर झालेला एक पार्व्होव्हायरससारखा नवा विषाणू प्रत्यक्षात डीएनए गाळायच्या सिलिका कॉलममधून येत होता, हे त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवून दिलं. म्हणून ब्लँक म्हणजे नुसतं पाणी लायब्ररीच्या टप्प्यावर घालणं नव्हे. रिकामी नळी एक्सट्रॅक्शनपासून सुरू करायची आणि नमुन्यासारखीच शेवटपर्यंत सीक्वेन्स करायची.

मग आकार

नकाशाने नमुन्यांमधला प्रवास कळतो. रीड्स जीनोमवर कुठे बसलेत ते वेगळं बघावं लागतं, आणि त्यासाठी बॅम फाइल (रीड्स जीनोमवर कुठे बसले त्याची नोंद) आयजीव्हीत, म्हणजे ती चित्रासारखी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. एका ओळीचा सारांश काढून देणारी साधनं इथेच फसतात. ३४ रीड्स म्हणजे ३४ रीड्स, असं त्यांना वाटतं. ते ३४ जीनोमभर पसरलेत की एकाच जागी एकावर एक रचलेत, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एचपीव्ही १८ दिसला तर पहिला संशय हेला पेशींचा घ्या. या पेशी १९५१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत आणि दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये शिरण्याचा त्यांचा इतिहास मोठा आहे. त्यांच्यात एचपीव्ही १८ आठव्या क्रोमोसोमवर मिक जनुकाच्या जवळ जोडला गेलाय, पण पूर्ण नाही. ई२ या जनुकापासून एल२ या जनुकापर्यंतचा मधला भाग गळालाय. त्यामुळे हेलाचा एचपीव्ही १८ असेल तर कव्हरेजमध्ये (जीनोमवर कुठे किती रीड्स बसले त्यात) मधोमध खड्डा दिसतो आणि दोन्ही बाजूंना, म्हणजे ई६, ई७, ई१ आणि एल१ कडे, रीड्स असतात. रीड्स मोजकेच असतील तर खड्डा नुसता योगायोगही असू शकतो. तेव्हा हेलाचे ठरावीक बेसबदल रीड्समध्ये आहेत का, ते तपासा. टीसीजीए या कर्करोगाच्या जीनोमच्या मोठ्या संग्रहाच्या डेटात गर्भाशयमुखाबाहेरच्या काही ट्यूमरमध्ये एचपीव्ही १८ दिसला होता. तो हेलाच्या दूषणामुळे आलाय, हे २०१५ साली अशाच बदलांवरून दाखवलं गेलं. सार्वजनिक डेटा उतरवून घेतलाय, म्हणजे तो स्वच्छच असणार, असं धरून चालू नका.

एसव्ही४० (माकडांतला एक विषाणू) आणि सायटोमेगॅलोव्हायरस दिसले तर वेगळंच बघायचं. १९५५ ते १९६३ या काळात पोलिओच्या काही लशींत एसव्ही४० गेला होता, हे माहीत असल्यामुळे ट्यूमरमध्ये तो दिसला की मन लगेच तिकडे धावतं. थांबा, कव्हरेज बघा. सगळे रीड्स एसव्ही४० च्या प्रमोटर-ओरिजिनच्या पट्ट्यात किंवा पॉली-एच्या संकेताजवळ असतील आणि बाकीचा जीनोम कोरा असेल, तर तो प्लाझ्मिड आहे, म्हणजे विषाणूचे एवढेच तुकडे घालून प्रयोगशाळेत बनवलेला डीएनए. सायटोमेगॅलोव्हायरसचं तेच. सव्वादोन लाख बेसांहून मोठ्या जीनोमवर फक्त इमिजिएट-अर्ली प्रमोटरच्या काहीशे बेसांवर रीड्स असतील, तर ते कोणाच्या तरी एक्स्प्रेशन व्हेक्टरचे (जनुक चालवायला बनवलेल्या प्लाझ्मिडचे) आहेत. शेजारच्या टेबलावर कोण क्लोनिंग करतंय ते विचारा. असल्या रीड्सची जोडी (त्याच तुकड्याच्या दुसऱ्या टोकाचा रीड) काढून बघितली तर कधी कधी प्लाझ्मिडांत मुद्दाम घालतात ते अँपिसिलिनच्या प्रतिरोधाचं जनुकच सापडतं, मग विषय तिथेच संपतो.

एचएचव्ही ६ या हर्पिस विषाणूची तिसरीच तऱ्हा. याच्या जीनोमच्या दोन्ही टोकांना टीटीएजीजीजी हीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि माणसाच्या टेलोमेअरमध्येही (क्रोमोसोमच्या टोकांमध्येही) तीच. त्यामुळे होल जीनोमच्या प्रत्येक नमुन्यात एचएचव्ही ६ "पॉझिटिव्ह" येतो आणि सगळे रीड्स टोकाला रचलेले असतात. ही जागा रेफरन्समध्ये (रीड्स ज्याच्याशी ताडतो त्या जीनोममध्ये) झाकून टाका. तरीही एखाद्या नमुन्यात उरलेला जीनोम एकसारखा भरलेला दिसला, तर त्या व्यक्तीच्या क्रोमोसोममध्येच तो वारशाने आलेला असू शकतो. सुमारे एक टक्का लोकांत असं असतं, आणि ते ट्यूमरच्या जोडीच्या रक्तातही दिसतं.

आरएनए सीक्वेन्सिंग असेल तर आपलं काम सोपं होतं. एचपीव्ही १६ खरोखर बोलत असेल, म्हणजे त्याची जनुकं चालू असतील, तर ई६ च्या आत २२६ व्या बेसपासून ४०९ व्या बेसला उडी मारणारे रीड्स मिळतात, कारण आरएनए बनताना मधला तुकडा कापून टोकं जोडली जातात. प्लाझ्मिडमधून किंवा राहून गेलेल्या डीएनएमधून हा जोड येत नाही. पण कॅस्कीच्या आरएनएमधून हॉप झालेला रीड तोच जोड घेऊन येतो, म्हणून नकाशा आधी आणि जोड नंतर. स्थानांचे आकडे ताडताना रेफरन्स कोणता ते पक्कं करा. १९८५ साली प्रसिद्ध झालेली एचपीव्ही १६ ची मूळ मालिका ७,९०४ बेसांची होती, दुरुस्त केलेली ७,९०६ ची आहे. एक-दोन बेसांच्या सरकण्यावरून दोन लॅबमध्ये आठवडाभर वाद चाललेला मी पाहिलाय.

इंटिग्रेशनच्या, म्हणजे विषाणू माणसाच्या डीएनएत जोडला गेल्याच्या, खोट्या जागा हा याच कुळातला त्रास. अर्धा रीड माणसाचा आणि अर्धा विषाणूचा मिळाला की लगेच क्रोमोसोमची जागा लिहून टाकली जाते. लायब्ररी बनवताना दोन परके तुकडे सहज जोडले जातात, आणि कंट्रोलमध्ये विषाणू भरमसाट असेल तर असे जोडही भरपूर. खऱ्या जागेला वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होणारे निदान तीन-चार रीड्स असतात, डुप्लिकेट काढल्यावरही ते टिकतात, आणि तुटीचा बिंदू सगळ्यांत एकच असतो. एकुलता एक रीड, तोही पीसीआरने दहा वेळा छापलेला, म्हणजे जागा नव्हे. आणखी एक. एचपीव्हीचा जीनोम गोल आहे, रेफरन्स सरळ. पहिल्या बेसच्या आरपार जाणारे रीड्स दोन्हीकडे अर्धे कापलेले दिसतात आणि काही साधनं त्यांनाच तूट समजतात. ७,९०६ आणि १ या जागांवरची "तूट" म्हणजे निव्वळ कात्री कुठे लावली त्याची खूण.

उलट बाजू: असायला हवा तो दिसत नाही

ईबीव्हीच्या (एपस्टाइन-बार विषाणूच्या) बाबतीत तक्रार उलटी येते. "जुन्या पाइपलाइनमध्ये जठराच्या ट्यूमरमध्ये ईबीव्ही मिळत होता, नव्या रेफरन्सवर गेल्यापासून सगळे शून्य." इथे रीड्स हरवलेले नसतात, भलत्या खणात असतात. जीआरसीएच ३८ या मानवी रेफरन्सच्या अलाइनमेंटसाठीच्या संचात ईबीव्हीचा अख्खा जीनोम, १,७१,८२३ बेसांचा, आणखी एक क्रोमोसोम असल्यासारखा घातलेला आहे. त्याआधीच्या एचएस३७डी५ मध्येही तो होता, फक्त नाव वेगळं. तुमची पाइपलाइन (विश्लेषणाच्या पायऱ्यांची साखळी) आधी माणसाच्या रेफरन्सवर मॅप करून उरलेले रीड्स विषाणू शोधायला देत असेल, तर ईबीव्हीचे रीड्स आधीच जागेवर बसलेत, उरलेल्यांत येणारच नाहीत. बॅमचा हेडर उघडा, एसक्यूच्या ओळी शेवटपर्यंत वाचा, ईबीव्ही नावाचा कॉन्टिग आहे का बघा, आणि असेल तर त्याच्यावरचे रीड्स थेट मोजा.

माझं मत विचाराल तर माणूस आणि सगळे विषाणू एकाच रेफरन्समध्ये ठेवून एकदम मॅप करावं. आधी माणूस वजा करायचा, मग विषाणू शोधायचा, या पद्धतीत जोडाचे (अर्धे माणसाचे, अर्धे विषाणूचे) रीड्स गळतात. नुसत्या विषाणूवर मॅप केलं तर माणसाचे रीड्स जबरदस्तीने विषाणूवर बसतात. एकत्र ठेवलं की रीड आपली खरी जागा आपण निवडतो.

ईबीव्हीबाबत एक गोष्ट मात्र दूषण म्हणून झटकू नका. बहुतेक प्रौढांच्या बी पेशींत तो आयुष्यभर असतो. ट्यूमरमध्ये लिम्फोसाइट शिरलेले असतील तर थोडे रीड्स खरे असतात, फक्त ते ट्यूमरच्या पेशींतले नसतात. हे कुठल्याही पाइपलाइनने सुटत नाही, पॅथॉलॉजीच्या स्लाइडवर ईबर या ईबीव्हीच्या आरएनएची इन-सिटू तपासणी करूनच कळतं.

नमुना तोच आहे ना?

नकाशा काढताना कधी कधी काहीच आकार जमत नाही. मग नकाशातली नावंच चुकलेली असण्याची शक्यता बघा. विषाणूच्या गटांत यातली एक चूक इतक्यांदा होते, की ती मी आता न विचारताच तपासते. नमुन्याचं नाव प्लेट आणि वेल जोडून बनवतात: दुसरी प्लेट, ई ओळ, सहावी वेल, म्हणून २ई६. स्प्रेडशीट उघडली की रोमन लिपीतलं हे नाव तिला वैज्ञानिक पद्धतीची संख्या वाटतं, म्हणजे दोन गुणिले दहाचा सहावा घात. सेव्ह केल्यावर तिथे वीस लाख असतं. ई ओळीतल्या सगळ्या नमुन्यांचं हेच होतं, बाकीच्या ओळी जशाच्या तशा राहतात. मग कोणीतरी हाताने दुरुस्त करायला जातं आणि २ई६ व २ई७ ची अदलाबदल होते. जनुकांच्या नावांनाही हाच त्रास होता. सप्टेंबर आणि मार्चच्या तारखा बनणाऱ्या नावांना शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने नवी नावं दिली. तुमच्या नमुन्यांची नावं मात्र तुम्हालाच बदलायला हवीत. सुरुवातीला अक्षर ठेवा, आकडे ठरावीक लांबीचे ठेवा, आणि नावात रुग्ण, तारीख, निदान असं काहीच भरू नका. ती माहिती तक्त्याच्या वेगळ्या रकान्यात राहू द्या.

अदलाबदलीचा संशय असेल तर ट्यूमर आणि त्याच रुग्णाचं रक्त यांच्यात काही शे सर्वसामान्य एसएनपी (माणसामाणसांत वेगळी असणारी डीएनएची अक्षरं) ताडून बघा. एकाच व्यक्तीचे दोन नमुने जुळतात, नाहीतर नाही, यात मतमतांतराला जागा नसते. हीच तपासणी दोन माणसांचं डीएनए एका नळीत मिसळलंय का, तेही सांगते.

ही सगळी शोधाशोध एका तक्त्यावर उभी असते, आणि बहुतेक गटांत तो तक्ता नसतो. रुग्णाचा कोड, नळीचा बारकोड, डीएनए कधी काढलं, किटचा लॉट, प्लेट, वेल, दोन्ही इंडेक्सची अक्षरं, फ्लो सेल, लेन, रेफरन्सच्या फाइलचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा), पाइपलाइनची आवृत्ती. दर नमुन्याला एक ओळ, रनच्या दिवशीच भरलेली. तीन महिन्यांनी लॉट नंबर विचारला तर डबा कचऱ्यात गेलेला असतो. यंत्रावरून आलेल्या फास्टक्यू फाइली फक्त वाचण्यापुरत्या खुल्या ठेवा. सर्व्हर बदलताना दोन्हीकडे चेकसम काढून जुळवा. जागेसाठी बॅमचं क्रॅम (त्याची लहान आकाराची फाइल) करत असाल तर ज्या रेफरन्सवर केलं तो त्याच्या शेजारीच जपा, कारण तो बदलला किंवा हरवला तर क्रॅम उघडत नाही. रेफरन्सची फाइल कधीही त्याच नावाने दुरुस्त करू नका. नवा विषाणू घातला की नवं नाव.

आणखी एक, कारण यात माणसांचा प्रश्न आहे. "फक्त व्हायरल रीड्स" म्हणून जी बॅम सहज पाठवली जाते, तिच्यात जोडीचे रीड्स माणसाचे असतात. इंटिग्रेशनच्या जागा तर माणसाच्याच असतात. ती फाइल उघड्यावर टाकू नका. डीबीगॅप, ईजीए यांसारख्या नियंत्रित ठिकाणी ठेवा, किंवा मानवी भाग काढून मगच द्या.

त्या रनचं काय झालं

पुढच्या रनसाठी उपाय सरळ होता. प्रत्येक नमुन्याला दोन्ही इंडेक्स स्वतःचे, दुसऱ्या कोणाशीही न जुळणारे, म्हणजे हॉप झालेला रीड कोणाच्याच नावावर न जाता अनडिटरमाइन्डमध्ये पडतो. लायब्ररी एकत्र करण्याआधी मोकळे अडॅप्टर नीट धुवायचे आणि एकत्र केलेलं मिश्रण फार दिवस साठवायचं नाही. कॅस्कीच्या जागी सिहा ही दुसरी पेशी-मालिका, कारण तिच्यात दर पेशीमागे एचपीव्ही १६ च्या एक-दोनच प्रती असतात. कॅस्कीच हवी असेल तर एचपीव्ही नसलेल्या सी३३ए पेशींच्या डीएनएमध्ये ती खूप पातळ करून. कंट्रोल आपल्या नमुन्यांइतकाच क्षीण असेल तर पाइपलाइन किती खालपर्यंत बघू शकते, हेही त्यातून कळतं. कॅस्की मिळाली म्हणून तसं काही सिद्ध होत नाही.

आधीच झालेल्या रनमधले १४ नमुने आम्ही "निगेटिव्ह" लिहिले नाहीत, "अनिर्णित" लिहिले. मूळ नळीतलं डीएनए काढून एचपीव्ही १६ ची क्यूपीसीआर (विषाणूचं डीएनए थेट शोधणारी वेगळी चाचणी) केली. १४ च्या १४ साफ निघाले.

पण नकाशावर आणखी एक आकडा होता. डी ओळ, दुसरा स्तंभ, २१ रीड्स. अधिक चिन्हापासून दूर, कंट्रोलशी एकही इंडेक्स न जुळणारा. तक्रारीत त्याचा उल्लेखच नव्हता, कारण २५ च्या थ्रेशोल्डने तो आधीच गाळला होता. त्याचे रीड्स जीनोमच्या निरनिराळ्या भागांत पसरलेले होते आणि दोन जागी बेस कॅस्कीपेक्षा वेगळा होता. क्यूपीसीआर पॉझिटिव्ह आली. पॅथॉलॉजीत स्लाइड पुन्हा बघितली तेव्हा कळलं की डीएनएसाठी घेतलेल्या तुकड्यात ट्यूमरच्या पेशी अगदी किनारीलाच होत्या. ब्लॉकमधून नवा तुकडा घेतला, सीक्वेन्सिंग पुन्हा झालं. रीड्स सहाशेच्या वर गेले, आणि आरएनएमध्ये २२६ ते ४०९ चा जोड होता.